बायबल एकसंध कसे वाचावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या अभ्यासगटात नव्याने येणारी माणसे साधारण तेच ते प्रश्न घेऊन येतात. दर वेळी तोंडी उत्तर देताना काहीतरी निसटते, म्हणून एकदाचे लिहून काढले. वचनांचे क्रमांक (आधी अध्याय, मग वचन) दिले आहेत ते पडताळून पाहण्यासाठी. बायबल शेजारी उघडे असू द्या.

एकसंध वाचायचे म्हणजे नेमके काय करायचे?

आपल्यापैकी बरेच जण बायबल सुभाषितांच्या वहीसारखे वापरतात. आज एक वचन, उद्या दुसरे, आणि दोन्हींचा आपसात काही संबंध असेल असे मनातही येत नाही. एकसंध वाचन म्हणजे प्रत्येक उताऱ्याला तीन प्रश्न विचारायचे: याच्या आधी काय घडले आहे? हे लिहिणाऱ्याने आधीचे कोणते लेखन मनात धरले आहे? आणि याच्यानंतर लिहिणाऱ्यांनी या उताऱ्याचे काय केले? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि सगळ्यात जास्त हाती लागते ते त्याच्यातूनच.

पण ती तर वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली पुस्तके आहेत. धागा आपणच ओवत नाही कशावरून?

शंका रास्त आहे. कित्येकदा आपण तो खरोखरच ओढूनताणून ओवतो. त्याबद्दल पुढे लिहिले आहे. पण मुळातला धागा आपला नाही. बायबलचे लेखक स्वतःच एकमेकांचे वाचक होते. एकच उदाहरण घेते, जरा सावकाश.

लेवीय २६:३४-३५ मध्ये इस्राएलाला ताकीद आहे: तुम्ही आज्ञा मोडल्यात तर तुम्हाला देशातून घालवले जाईल आणि तुम्ही न दिलेला विसावा ही जमीन तेव्हा भोगील. पुढे कित्येक पिढ्यांनी यिर्मया हा संदेष्टा बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या लोकांना पत्र लिहितो आणि सत्तर वर्षांची मुदत सांगतो (२९:१०). आता २ इतिहास ३६:२१ उघडा. यरुशलेम पडल्याचे सांगताना लेखक एकाच वाक्यात दोन्ही गोष्टी गुंफतो: यिर्मयाची सत्तर वर्षे आणि जमिनीने भोगलेले शब्बाथ, म्हणजे विसावे. म्हणजे त्याच्या मनात लेवीय आणि यिर्मया दोन्ही होते. त्याच्या लगेच खालची पर्शियाच्या कोरेश राजाच्या फर्मानाची वाक्ये एज्राच्या पहिल्या अध्यायात जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा येतात. आणि दानीएल ९:२ मध्ये तर दानीएल चक्क यिर्मयाचा ग्रंथ वाचत बसला आहे! वाचून तो प्रार्थनेला बसतो, आणि त्या प्रार्थनेत मोशेच्या नियमशास्त्रातला शाप आठवतो (९:११).

पाच पुस्तके, एकच गाठ. ही गाठ कोणा टीकाकाराने मारलेली नाही. आपल्याला फक्त ती दिसायला हवी.

आणि गोष्ट तिथेही संपत नाही. इ.स.पू. ५३९ मध्ये कोरेशाने बाबेल जिंकले, लोक परतले, मंदिर पुन्हा उभे राहिले. तरी नहेम्या ९:३६ मध्ये तेच परतलेले लोक म्हणतात की आम्ही आज आमच्याच देशात गुलाम आहोत. परत आलो, पण सुटलो नाही. नवा करार उघडतो तो याच अवघडलेल्या अवस्थेत. ती ठाऊक नसेल तर मत्तयाच्या पहिल्या पानावरचा “बाबेलचा देशांतरवास” हा उल्लेख नुसता इतिहासातला एक टप्पा वाटतो.

पुस्तके ६६ की ७३?

प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६, कॅथलिक बायबलमध्ये ७३. नव्या कराराची २७ पुस्तके दोन्हींत तीच. फरक जुन्या करारात आहे. यहुदी परंपरा हिब्रू शास्त्र २४ ग्रंथांचे मोजते, पण मजकूर प्रोटेस्टंट जुन्या कराराच्या ३९ पुस्तकांचाच, फक्त बांधणी वेगळी: बारा लघुसंदेष्टे मिळून एक, शमुवेलाचे दोन भाग मिळून एक, असे. क्रमही निराळा. तिथे शेवटचे पुस्तक मलाखी नसून इतिहास असते. लूक ११:५१ मध्ये येशू “हाबेलाच्या रक्तापासून जखऱ्याच्या रक्तापर्यंत” म्हणतो तेव्हा हा क्रम आठवावा. हाबेल उत्पत्तीत, तर मंदिराच्या अंगणात मारला गेलेला जखऱ्या २ इतिहास २४ मध्ये. पहिल्या ग्रंथापासून शेवटच्या ग्रंथापर्यंत, असा त्याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात.

नवा करार पुरेसा नाही का? जुन्याची गरज काय?

हा प्रश्न फार जुना आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने जुना करार पार बाजूला सारला आणि काटछाट केलेले लूककृत शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रे एवढेच आपले शास्त्र ठरवले. त्याची अडचण अशी झाली की उरलेल्या पुस्तकांतूनही जुना करार डोकावत राहिला, म्हणून त्यांनाही कात्री लावावी लागली.

साधी गोष्ट पाहा. “नवा करार” हे शब्दच यिर्मया ३१:३१ मधले आहेत. “ख्रिस्त” म्हणजे अभिषिक्त. इस्राएलात अभिषेक कोणाचा आणि कशासाठी होत असे हे माहीत नसेल तर तो शब्द येशूचे आडनाव होऊन बसतो. आणि पौल जेव्हा “शास्त्र” म्हणतो, तेव्हा त्याच्यासमोर जुना करारच असतो.

सुरुवात कुठून करू? उत्पत्तीपासून सरळ प्रकटीकरणापर्यंत?

करू शकता, पण पहिल्या फेरीला मी तसे सुचवत नाही. छापील क्रम काळानुसार नाही. मोठ्या संदेष्ट्यांची पुस्तके आधी आणि लहानांची नंतर ठेवलेली आहेत, त्यामुळे आमोस हा यिर्मयाच्या आधीचा असूनही छापील बायबलमध्ये त्याच्यानंतर येतो.

आधी कणा पक्का करावा. उत्पत्ती, निर्गम, गणना, यहोशवा, शास्ते, शमुवेलाची दोन, राजांची दोन, एज्रा, नहेम्या. मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये. एवढ्यात गोष्ट पुढे सरकते. बाकीची पुस्तके या कण्याला येऊन जोडली जातात. दुसऱ्या फेरीत २ राजे १४ वाचताना आमोस आणि होशेय काढा, १८ ते २० वाचताना यशया, शेवटचे चार अध्याय वाचताना यिर्मया. एज्रा ५:१ मध्ये हाग्गय आणि जखऱ्या या संदेष्ट्यांची नावेच आहेत, तिथे थांबून त्यांची पुस्तके वाचा. राजांच्या पुस्तकात मोजक्या वाक्यांत उरकलेल्या राजवटीत गरिबांचे काय हाल होते ते आमोस सांगतो. हे दोन आवाज एकत्र ऐकले की मगच तो काळ उभा राहतो.

यात “अनुवाद” हे पुस्तक मुद्दाम बाजूला ठेवले आहे, पण फार काळ ठेवू नका. नावावरून फसायलाही नको. इथे अनुवाद म्हणजे भाषांतर नव्हे, तर सांगितलेले पुन्हा सांगणे, हा त्या शब्दाचा जुना अर्थ. रानात वाढलेल्या नव्या पिढीला मोशे नियमशास्त्र पुन्हा समजावतो. नंतरच्या राजांना आणि संदेष्ट्यांना बायबल ज्या मापाने मोजते, ते माप बरेचसे या पुस्तकातले आहे.

दर वर्षी लेवीयापाशी गाडी अडते. काय करू?

माझी तीनदा अडली. चौथ्यांदा कोणीतरी मला फक्त तीन वाक्ये दाखवली.

निर्गमाच्या शेवटी (४०:३५) निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, उभा राहिला आहे, देवाचे तेज त्यात भरले आहे, आणि मोशेला आत जाता येत नाही. लेवीय १:१ मध्ये देव मोशेशी बोलतो तो मंडपातून, म्हणजे मोशे अजून बाहेरच. गणना १:१ मध्ये देव त्याच्याशी मंडपात बोलतो. एका शब्दाच्या प्रत्ययाचा फरक आहे: मंडपातून, मंडपात. मधे काय घडले? लेवीय घडले. पवित्र देवाजवळ माणसाने जायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते यज्ञ, ते शुद्धीचे नियम, आणि साधारण मध्यावर सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताचा दिवस.

हे एकदा कळले की मागचे-पुढचे दुवे आपोआप दिसू लागतात. एदेन बागेच्या दारावर करूबांचा, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यांचा, पहारा होता (उत्पत्ती ३:२४). मंडपाच्या पडद्यावर करूबच विणले आहेत (निर्गम २६:३१). येशूच्या मरणाच्या वेळी मंदिराचा पडदा वरून खालपर्यंत फाटला (मार्क १५:३८). प्रकटीकरण २१:२२ मध्ये योहानाला नव्या यरुशलेम नगरात मंदिरच दिसत नाही. तेव्हा लेवीय वाचताना प्रत्येक आतड्याचा आणि चरबीचा गूढ अर्थ शोधत बसू नका. आत कोण, बाहेर कोण आणि जवळ यायचा मार्ग कोणता, एवढ्यावर डोळा ठेवा.

वंशावळी वगळल्या तर चालतील?

पहिल्या वाचनात चाळल्या तरी चालतील. पण मत्तयाच्या पहिल्या अध्यायात मरीयेच्या आधी चार स्त्रिया येतात, त्या शोधून काढाच: तामार, राहाब, रूथ आणि नाव न घेता “उरीयाची बायको”. प्रत्येकीची गोष्ट जुन्या करारात आहे, आणि एकीचीही सरळसोट नाही. मत्तयाने त्या नकळत घातल्या असतील असे मला तरी वाटत नाही.

संदर्भ वचने कशी वापरायची? एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे करत मी भरकटतेच.

सगळेच भरकटतात. उपाय एकच: संदर्भ दिला असेल तिथे जाऊन एक वचन टिपून परतायचे नाही. तो पूर्ण उतारा वाचायचा. आणि एका बैठकीत दोनच संदर्भ.

मार्क १५ घ्या. वधस्तंभावर येशू ओरडतो, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” समासात स्तोत्र २२:१ असा संदर्भ असतो. तेवढे वचन पाहून परतलात तर हाती काहीच नवे लागत नाही; तेच वाक्य दोनदा वाचले एवढेच. पूर्ण स्तोत्र वाचा आणि मग मार्ककडे या. सैनिक चिठ्ठ्या टाकून कपडे वाटून घेतात (मार्क १५:२४): हे स्तोत्राचे अठरावे वचन. येणारे-जाणारे मान हलवून टोमणे मारतात (१५:२९): सातवे वचन. मग ती आरोळी (१५:३४): पहिले वचन. मार्क स्तोत्रातून उलटा, शेवटाकडून सुरुवातीकडे आला आहे. पण स्तोत्र पहिल्या वचनावर संपत नाही. बाविसाव्या वचनापासून त्याचा सूर पालटतो आणि सत्ताविसाव्यात पृथ्वीच्या टोकांचे लोक परमेश्वराकडे वळतात. आता मार्क १५:३९ पाहा. वधस्तंभासमोर उभा राहून “हा खरोखर देवाचा पुत्र होता” असे म्हणणारा माणूस परका, रोमी शताधिपती आहे.

याला मी तास दिला तरी वाया गेला असे वाटत नाही. त्याच तासात वीस संदर्भ उलगडले असते तर एकही लक्षात राहिला नसता.

नव्या करारातले उद्धरण जुन्या करारातल्या वचनाशी शब्दशः जुळत नाही. चूक कोणाची?

बहुतेक वेळा कोणाचीच नाही. नव्या कराराचे लेखक ग्रीकमध्ये लिहीत होते आणि पुष्कळदा सेप्टुआजिंट या हिब्रू शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरातून उद्धृत करत होते. आपल्या बायबलमधला जुना करार मुख्यतः हिब्रूवरून आलेला. म्हणून स्तोत्र ४०:६ मध्ये कानांचा उल्लेख आहे आणि इब्री १०:५ मध्ये त्याच जागी “शरीर” आहे. अशी तफावत दिसली की वहीत टिपून ठेवा. अभ्यासाला त्या जागा फार चांगल्या.

जुन्या करारातल्या प्रत्येक गोष्टीत ख्रिस्त शोधायचा का?

नाही. अम्माऊसच्या वाटेवर येशूने मोशे आणि सर्व संदेष्ट्यांपासून सुरुवात करून आपल्याविषयीच्या गोष्टी उलगडून सांगितल्या (लूक २४:२७) हे खरे. पण सर्व शास्त्र मिळून त्याच्याकडे जाते, याचा अर्थ प्रत्येक खुंटी आणि प्रत्येक दोरी हे चिन्ह आहे असा होत नाही.

यरीहोत इस्राएलाच्या हेरांना लपवणाऱ्या राहाबेच्या खिडकीतली किरमिजी दोरी (यहोशवा २) हे नेहमीचे उदाहरण. ती ख्रिस्ताच्या रक्ताची खूण आहे, असे प्रवचनात अनेकदा ऐकू येते आणि ती परंपरा खूप जुनी आहे. मत्तयाच्या वंशावळीतले नाव सोडले तर नवा करार राहाबेची आठवण दोनदा काढतो (इब्री ११:३१, याकोब २:२५). दोन्ही वेळा तिचा विश्वास आणि तिने हेरांना दिलेला आसरा यांबद्दल बोलतो. दोरीचे नावही नाही. दोरीचा तो अर्थ अशक्य आहे असे मी म्हणत नाही, पण त्यावर शिकवण उभारणार नाही.

याच्या शेजारी कोकऱ्याचा धागा ठेवून पाहा. डोंगर चढताना इसहाक विचारतो, होमासाठी कोकरू कुठे आहे? अब्राहाम म्हणतो, देव स्वतः पाहून देईल (उत्पत्ती २२:७-८). प्रत्यक्षात मिळतो तो एडका. मिसरातून सुटकेच्या रात्री प्रत्येक घराला एक कोकरू, ज्याचे हाड मोडायचे नाही (निर्गम १२:४६). यशया ५३:७ मध्ये वधायला नेलेल्या कोकराप्रमाणे गप्प राहणारा एक सेवक. मग योहान १:२९: हा पाहा देवाचा कोकरा. १९:३६ मध्ये, हाड मोडले गेले नाही. इथे प्रत्येक टप्प्यावर बायबलचाच लेखक आधीच्याकडे बोट दाखवतो, किंवा निदान त्याचेच शब्द उचलतो. माझी कसोटी हीच आहे: बोट कोणाचे? लेखकाचे की माझे?

आवडते वचन पाठ करणे चूक आहे का?

मुळीच नाही. पण त्याचा पत्ता माहीत असू द्या.

यिर्मया २९:११ हे घराघरांत भिंतीवर असते: तुमच्या हिताचे संकल्प, आशेचा भविष्यकाळ. एका परीक्षेत नापास झालेल्या मुलाला मी ते लिहून दिले होते, “बघ, लवकरच सगळे नीट होईल” असे म्हणत. पुढे कधीतरी अठ्ठाविसावा अध्याय नीट वाचला आणि ओशाळले. “लवकरच” म्हणणारा तिथे हनन्या आहे. दोन वर्षांत सगळे परत येईल, असे त्याने सांगितले आणि तो खोटा संदेष्टा ठरला. यिर्मया सत्तर वर्षे म्हणतो: घरे बांधा, मळे लावा, ज्या शहरात नेले आहे त्याचे हित पाहा. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. ते वचन खरे आहे, आशेचेच आहे. पण ती आशा माझ्या चिठ्ठीतल्यासारखी स्वस्त नव्हती.

अध्याय आणि वचनांचे क्रमांक मूळचेच आहेत ना?

नाहीत. आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन याने पाडले असे मानले जाते. नव्या कराराच्या वचनांचे आजचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. शोधायला सोय झाली, पण तुकडे नको तिथेही पडले. यशयाचे सेवकगीत (वर आलेल्या त्या गप्प सेवकाचे गीत) ५२:१३ लाच सुरू होते, आणि आपण ते ५३:१ पासून वाचतो. अध्याय संपला म्हणून थांबू नका, विषय संपला की थांबा.

दोन ठिकाणी परस्परविरोधी दिसले तर?

घाईने मिटवू नका. दावीदाला शिरगणतीला कोणी प्रवृत्त केले? २ शमुवेल २४:१ म्हणते परमेश्वराच्या कोपाने. १ इतिहास २१:१ म्हणते सैतानाने. दोन्ही वाक्यांची सांगड घालणारी स्पष्टीकरणे आहेत, काही पटण्याजोगीही आहेत. पण आधी विचारा, इतिहास या पुस्तकाच्या लेखकाला तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत का सांगावीशी वाटली? तो बंदिवासानंतरच्या लोकांसाठी लिहितो आहे; शमुवेलाच्या वाचकांचे प्रश्न वेगळे होते. “एकसंध” म्हणजे एकसुरी नव्हे.

साहित्य काय लागेल?

वेगवेगळ्या धाटणीची दोन भाषांतरे, समासात संदर्भ असलेली एक प्रत, वही, पेन्सिल. अ‍ॅपमधला शब्दशोध उपयोगी आहे, पण शब्द सापडला की कल्पनाही सापडली असे समजू नका. भाष्य वाचा, मात्र उतारा स्वतः तीनदा वाचून झाल्यावर.

मी ख्रिस्ती नाही. अशा वाचनाचा मला उपयोग होईल का?

होईल. वर दाखवलेले बहुतेक दुवे मजकुरातच आहेत, ते दिसायला श्रद्धेची अट नाही. ते जातात कुठे, याबद्दल यहुदी वाचक आणि ख्रिस्ती वाचक यांचे उत्तर वेगळे आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

किती वेळ लागेल?

प्रोटेस्टंट बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन-चार वाचले तर वर्षात एक फेरी होते. कण्याची फेरी त्याहून बरीच लवकर आटोपते. मागे पडलात तर राहिलेले भरून काढायला धावू नका, आजच्या पानावर या.

प्रकटीकरण कधी वाचू?

शेवटी, आणि तेही यहेज्केल, दानीएल, जखऱ्या वाचून झाल्यावर. या पुस्तकात “असे लिहिले आहे” म्हणून दिलेले एकही उद्धरण नाही, पण पानापानांत जुना करार मुरलेला आहे. पाचवा अध्याय नमुन्यादाखल वाचून बघा. वडीलमंडळातला एक जण योहानाला सांगतो, यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे. हे शब्द इसहाकाचा मुलगा याकोब याने यहूदा या आपल्या मुलाला दिलेल्या आशीर्वादातले (उत्पत्ती ४९:९). योहान पाहतो, तर समोर उभा आहे वधलेला कोकरा. त्याने ऐकले सिंह आणि पाहिले कोकरू. गटात आम्ही इथे वही मिटतो आणि पुन्हा उत्पत्ती २२ काढतो.